बेमालूम जोड, सावध शेवट : हृषीकेश मुखर्जींच्या शैलीविषयी

संकलनाचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला आहे. हिंदी चित्रपटांचे दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी (हृषीदा) यांची शैली बेमालूम समजायची की नको तितकी सावध, हे त्याला जाणून घ्यायचे आहे, आणि वर्गातल्या वादाच्या दोन्ही बाजू त्याने सोबत लिहून पाठवल्या आहेत. एका गटाचे म्हणणे असे की हृषीदांच्या चित्रपटात कट जाणवतच नाही, दोन तास कुठे गेले ते कळत नाही आणि खरे कसब ते हेच. दुसरा गट म्हणतो की जाणवावे असे काही केलेच नाही तर जाणवणार काय. कॅमेरा बैठकीच्या खोलीबाहेर फारसा पडत नाही, भांडणे मिटतात, रुसलेली माणसे परत येतात, आणि जोखीम टाळण्याच्या या सवयीला आपण उगाच शैली म्हणतो.

मी तीसहून अधिक वर्षे संकलन करतो आहे, त्यातली पहिली काही वर्षे फितीवर. माझ्या मते हे दोन गट एकाच गोष्टीविषयी बोलतच नाहीत. बेमालूमपणा हा जोडकामाचा, म्हणजे शॉट एकमेकांना जोडण्याच्या कामाचा, गुण आहे आणि तो संकलनाच्या टेबलावर ठरतो. सावधपणा ठरतो कथेत, बहुतेकदा शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत. हृषीदांकडे पहिला गुण जवळजवळ सर्वत्र आहे, दुसरा दोष काही ठिकाणी आहे, आणि जिथे दोन्ही एकत्र येतात तिथे त्यांच्या हातातल्या कसबाने कथेतली पळवाट झाकलेली आहे. ती पळवाट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

आधी हे ध्यानात घ्यावे की हा माणूस मुळात संकलक. कोलकात्याच्या न्यू थिएटर्स या चित्रपटसंस्थेत शिकून ते दिग्दर्शक बिमल रॉय यांच्याबरोबर मुंबईला आले आणि रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ (1953), ‘देवदास’ (1955), ‘मधुमती’ (1958) या चित्रपटांचे संकलन त्यांनी केले. ‘दो बिघा जमीन’मधला रिक्षांच्या शर्यतीचा प्रसंग पुन्हा पाहा. प्रवासी जास्त पैशांचे आमिष दाखवून हातरिक्षा ओढणाऱ्या शंभूला अधिक वेगाने पळायला लावतो आणि शेवटी चाक निखळते. तिथे कट लपवलेले नाहीत. पळणारे पाय, फिरणारे चाक, मागे बसून ओरडणारा माणूस यांचे तुकडे एकमेकांवर आदळतात आणि शंभूला लागलेली धाप आपल्याला लागते. म्हणजे जोड दाखवून परिणाम कसा साधायचा हे त्यांना तिशीतच पक्के ठाऊक होते. पुढे दिग्दर्शक झाल्यावर त्यांनी तो लपवला तो येत नव्हता म्हणून, असे कोणी म्हणू नये.

आता बेमालूम म्हणजे नेमके काय ते टेबलाजवळ बसून पाहू. सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम, म्हणजे फितीवरची एकेक स्थिर चित्रे), आणि 35 मिलिमीटरच्या फितीत एका फुटाला 16. एखादा माणूस दार उघडून आत येतो. पहिला शॉट बाहेरून, दुसरा आतून. हात कडीला लागला त्या क्षणी कापले तर दाराची हालचाल दोन शॉटांत वाटली जाते, डोळा हालचालीच्या मागे धावतो आणि जोडाकडे त्याचे लक्ष जात नाही. माणूस आत येऊन उभा राहिल्यावर कापले तर तोच जोड खडा लागल्यासारखा बोचतो. फरक कधी कधी तीन-चार चौकटींचाच असतो. नजरेच्या दिशा, संवादाचा शेवटचा शब्द ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर सरकवणे, एका खोलीतला आवाज पुढच्या खोलीत थोडा आधी नेणे, ही सगळी याच घराण्यातली कामे आहेत. आम्ही फितीवर काम करायचो तेव्हा मेणाच्या पेन्सिलीने खूण करून, कापून, चिकटवून, यंत्रावर पुन्हा चालवून पाहावे लागे. चुकले तर ती चौकट कापलेल्या तुकड्यांच्या पेटीतून शोधून काढावी लागे. त्या त्रासामुळे हात विचार करून चाले, असे मला आजही वाटते. अर्थात पाठदुखीही त्यातलीच.

यात एक व्यावहारिक बाजूही आहे. त्या काळी कच्ची फीत महाग आणि मोजून मिळणारी होती. दिग्दर्शक स्वतः संकलक असेल तर कोणत्या शॉटचा कोणता तुकडा वापरणार हे त्याला सेटवरच दिसते आणि तो तेवढेच चित्रित करतो. हृषीदांच्या चित्रपटांतली काटकसर अशी आहे. पाच कोनांतून सगळे टिपून ठेवायचे आणि मग टेबलावर शोधत बसायचे, ही पद्धत तिथे नाही. त्यामुळे त्यांच्या मांडणीत दिमाख दिसत नाही. ‘कॅमेरा बैठकीबाहेर पडत नाही’ या तक्रारीमागे हे अर्थकारणही आहे, आणि जयवंत पाठारे यांच्यासारखा छायालेखक सोबत असताना कॅमेरा हलवता येत नव्हता असे तर कोणीच म्हणणार नाही.

‘आनंद’ (1971) हे उदाहरण मी दर वर्षी शिकवतो आणि दर वर्षी माझा घसा शेवटाला जरा अडकतो, हे कबूल करतो. या चित्रपटाचे संकलन हृषीदांनी स्वतः केले आहे. नायक मरणार हे आपल्याला पहिल्या काही मिनिटांतच कळते, कारण आनंदवर लिहिलेल्या पुस्तकासाठी डॉ. भास्करचा सत्कार होतो आहे तिथून चित्रपट सुरू होतो. म्हणजे ‘वाचेल का?’ ही उत्कंठा दिग्दर्शकाने आपण होऊन टाकून दिली. लोकप्रिय चित्रपटात एवढी मोठी जोखीम क्वचितच कोणी घेतो, आणि सावधपणाचा आरोप करणारे नेमके हेच विसरतात.

त्यातला टेपरेकॉर्डर पाहा. मधल्या एका हलक्याफुलक्या प्रसंगात भास्करची मृत्यूवरची कविता ध्वनिमुद्रित होते आणि आनंद त्याच फितीवर नाटकी थाटात दोन वाक्ये म्हणून हसतो. आपणही हसतो आणि विसरतो. शेवटी भास्कर औषधासाठी बाहेर गेलेला असताना आनंद ती फीत लावायला सांगतो. भास्करच्या आवाजातली कविता संपते आणि आनंदचा जीव जातो. भास्कर परत येतो, मृत मित्रावर चिडतो, इतके दिवस बडबड केलीस तर आता का गप्प, म्हणून त्याला बोलायला सांगतो. खोलीत शांतता आहे, पण फीत अजून फिरते आहे. आणि त्या फितीतून आनंदचा आवाज येतो.

संकलकाच्या नजरेने पाहिले तर इथे सर्वांत महत्त्वाचा जोड चित्रपटाच्या फितीवर नाहीच, तो त्या खोलीतल्या टेपवर आहे. कविता आणि आनंदचे वाक्य यांच्यामध्ये कोऱ्या फितीची जी लांबी आहे ती म्हणजे भास्करच्या आक्रोशाला मिळालेला वेळ. ती लांबी कमी असती तर मेलेला माणूस घाईने बोलला असता, जास्त असती तर प्रेक्षक फीत विसरून गेला असता आणि आवाज जादूसारखा वाटला असता. दिग्दर्शकाने आपली कात्री प्रसंगातल्या एका वस्तूच्या हातात दिली आणि स्वतः बाजूला झाला. मृत माणसाचा आवाज ऐकवणे ही खरे तर भडक कल्पना आहे. दुसऱ्या कोणाच्या हाती ती हास्यास्पद झाली असती. इथे ती घडणे अपरिहार्य वाटते, कारण तिची पेरणी विनोदात केली आहे. बेमालूमपणा म्हणतात तो असा. त्याला सावध म्हणणे मला तरी जमणार नाही.

मात्र त्याच चित्रपटात दुसऱ्या गटाच्या बाजूचाही पुरावा आहे, आणि तो लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. भास्कर सुरुवातीला भेटतो तो गरीब वस्तीत रुग्ण तपासणारा, वैतागलेला डॉक्टर म्हणून. औषध लिहून देता येते पण भुकेवर औषध नाही, हे त्याला जाळते आहे. मग आनंद येतो. ललिता पवारांची कडक पण मायाळू मेट्रन, रमेश देव आणि सीमा देव यांचे कुलकर्णी दांपत्य, हसणे, गाणी, मैत्री यांत चित्रपट रमतो आणि ती वस्ती हळूच नाहीशी होते. भास्करचा मूळ प्रश्न सुटत नाही. तो मागे पडतो. भास्करची निराशा समाजाविषयी होती, तिला उत्तर मिळते ते व्यक्तिगत : हसत जगा. हा बदल कुठल्या रिळात झाला ते मी दोनदा खास शोधायला बसलो आणि दोन्ही वेळा आनंदच्या बडबडीत मला तो सापडायचा राहून गेला. संकलक म्हणून मला त्याचे कौतुक वाटते. प्रेक्षक म्हणून थोडे फसवल्यासारखेही वाटते.

हेच ‘अभिमान’मध्ये (1973) अधिक उघड आहे. सुबीर प्रसिद्ध गायक, त्याची पत्नी उमा त्याच्याहून मोठ्या ताकदीची गायिका. तिची मागणी वाढते, त्याची घटते, आणि त्याचा अहंकार आधी कुरतडतो व मग फुटतो. पूर्वार्ध आजही ताजा आहे. मत्सर कसा वाढतो हे दाखवायला मोठी भांडणे लागत नाहीत; कोणी तिची स्तुती करते, ती सहज हसते, आणि आपल्याला त्याचा चेहरा मिळतो, नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ. चित्रपटाने प्रश्न स्पष्ट मांडलेला आहे : पत्नी आपल्याहून सरस आहे हे हा पुरुष पचवू शकेल का?

उत्तरार्धात उमाचा गर्भपात होतो, ती दगडासारखी निःशब्द होते आणि तिला पुन्हा बोलते, रडते करायचे हे सगळ्यांपुढचे काम होऊन बसते. सुबीर पश्चात्तापाने तिला मंचावर आणतो, गातो, तिचे डोळे भरून येतात, तीही गाते, टाळ्या पडतात. गाणे सुंदर आहे, सचिनदेव बर्मन यांचे आहे, कोण विरोध करणार? पण शांतपणे पाहा : आता प्रश्नच वेगळा आहे. ‘तो पचवू शकेल का?’ याच्या जागी ‘ती बरी होईल का?’ असा प्रश्न आला, आणि दुसऱ्याचे उत्तर मिळाल्यावर पहिल्याचेही मिळाले असे वाटू लागले. परीक्षा त्याची होती, ती द्यावी लागली तिला. उद्या ती पुन्हा एकटी गाऊ लागली आणि पुन्हा त्याच्यापुढे गेली तर काय, हे विचारण्याआधीच पडद्यावर समाप्ती येते. या चित्रपटातला सर्वांत बेमालूम जोड हा आहे, आणि नेमका तोच दिसायला हवा होता. ‘अनुराधा’मध्येही (1960) गाणे सोडून खेड्यातल्या डॉक्टरच्या संसारात घुसमटलेली नायिका घर सोडण्याच्या उंबरठ्यावर पोचते आणि शेवटी राहते. तिचे राहणे पटवण्यासाठी चित्रपट फार हळुवारपणे राबतो, पण पहिल्या भागात जे साचले होते ते त्या हळुवारपणात विरघळून जाते.

ही चूक किती मोहक असते ते मला स्वतःच्या कामातून कळले. अनेक वर्षांपूर्वी एका चित्रपटात नवरा-बायकोच्या भांडणाचा प्रसंग मी कापत होतो. दोघेही नट मध्येच अडखळले होते आणि जवळपास सहा-सात सेकंद कोणीच काही बोलत नव्हते. मला ती जागा ढिली वाटली. मी तिथे बायकोच्या चेहऱ्याचा एक शॉट, टेबलावरच्या कपाचा एक तुकडा, मग नवऱ्याचा पुढचा संवाद तिच्यावर ओढून घेतलेला, अशी व्यवस्था केली आणि प्रसंग लोण्यासारखा सरकू लागला. दिग्दर्शकाने पाहिला आणि विचारले, “यांचे भांडण मिटले का?” मी म्हणालो, अजून दोन प्रसंगांनी मिटते. ते म्हणाले, “मग तुम्ही आत्ताच कसे मिटवले?” मी सगळे तुकडे काढून ती अडखळ जशीच्या तशी परत ठेवली. त्या दिवसापासून एखादी जागा फार सहज जुळली की मला आधी शंका येते.

विनोदी चित्रपटांबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे हा वाद तितका लागू पडत नाही. ‘चुपके चुपके’ (1975) आणि ‘गोल माल’ (1979) यांत शेवटी सगळे गोड होणार हा करारच असतो आणि प्रेक्षक त्यावर सही करूनच आत येतो. तरी एक गोष्ट नोंदवतो. ‘गोल माल’मध्ये खोटे बोलणाऱ्या तरुणाला शिक्षा होत नाही; बदलावे लागते ते मिशीवर माणसाची पारख करणाऱ्या भवानीशंकरला, आणि शेवटच्या कौटुंबिक छायाचित्रात ती भूमिका करणाऱ्या उत्पल दत्तांच्या ओठांवर मिशी नाही. नोकरी मिळवायला बनावट संस्कार पांघरावे लागतात, ही बोचरी गोष्ट त्यांनी हसवत हसवत पुरती शेवटाला नेली. ‘अभिमान’मध्ये जे धाडस त्यांनी आवरते घेतले ते इथे, एका मिशीच्या आडून, करून टाकले. हृषीदांच्या बाबतीत अनेकदा असे वाटते की गंभीर विषयात ते प्रेक्षकाला जपतात आणि विनोदात त्याला चिमटा काढतात.

आणि मग ‘सत्यकाम’ (1969). सावधपणाचा आरोप सरसकट करणाऱ्याला मी आधी हा चित्रपट पाहायला सांगतो. सत्यप्रिय हा अभियंता खोटेपणाशी तडजोड करत नाही, आणि या हट्टाची किंमत त्याच्याबरोबर त्याची पत्नी रंजना मोजते. मूल तिचे आहे, त्याचे नाही. ती बळजबरीतून गेलेली आहे. शेवटी घशाच्या कर्करोगाने त्याची वाचा गेली आहे. बायको-मुलाच्या भविष्यासाठी तो आयुष्यात पहिल्यांदा एका खोट्या कामाच्या कागदावर सही करून तो तिच्या हाती देतो. ती तो फाडून टाकते, आणि अंथरुणावरचा तो माणूस हसतो.

या प्रसंगात त्याला संवाद मिळणे शक्यच नाही. आयुष्यभर तत्त्वांवर बोलत आलेल्या माणसाची वाचा काढून घेऊन दिग्दर्शकाने निर्णय पत्नीच्या दोन हातांत दिला. इथला जोडही बेमालूमच आहे, कात्री तीच आहे. पण त्याखाली लपवलेले काही नाही. त्यानंतरही दिलासा नाही. अंत्यविधी मुलाच्या हातून का होत नाही याची सोयीस्कर कारणे आजोबा लोकांना सांगत असताना ते लहान मूल सर्वांसमोर खरे सांगते : मी त्यांचा मुलगा नाही म्हणून. आजोबा झालेल्या अशोक कुमारांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होते ते पाहताना आपल्यालाही खाली बघावेसे वाटते. चित्रपट तिकीटबारीवर चालला नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी ‘आनंद’ आला आणि डोक्यावर घेतला गेला. या दोन घटनांचा संबंध जोडण्याचा मोह मला होतो, पण तो तर्क आहे, एवढेच म्हणून सोडतो.

त्याच 1969 साली मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ आला. गोठवलेल्या चौकटी, मध्येच ॲनिमेशन, खट्याळ निवेदन, सगळे जोड उघड्यावर. तुमच्या दुसऱ्या गटाला धाडस म्हणजे बहुधा असे काहीतरी अभिप्रेत असावे, आणि ‘भुवन शोम’ मलाही अतिशय आवडतो. पण त्या दोन चित्रपटांच्या शेवटांची तुलना करून पाहा. कडक अधिकारी एका खेडवळ मुलीच्या सहवासात थोडा मऊ होतो ही ‘भुवन शोम’ची गोष्ट, आणि तिथून प्रेक्षक प्रसन्न होऊन बाहेर पडतो. ‘सत्यकाम’मधून तसा बाहेर पडता येत नाही. दिसणारा कट हा धाडसाचा पुरावा नाही आणि न दिसणारा कट हा भित्रेपणाचा नाही. म्हणून वर्गात पुढच्या वेळी हा वाद निघाला तर कट मोजत बसू नका. चित्रपटाने पहिल्या अर्ध्या तासात विचारलेला प्रश्न कागदावर एका ओळीत लिहा, शेवटचे रीळ पाहा, आणि उत्तर त्याच प्रश्नाला मिळाले का ते तपासा. ‘अनुराधा’ आणि ‘अभिमान’ इथे अडतात, ‘आनंद’ अर्धा अडतो, ‘गोल माल’ आणि ‘सत्यकाम’ पार होतात.

राहिला तुमच्या पत्राच्या शेवटचा उपप्रश्न : मुखर्जींनी उघड, डोळ्यांत भरणारा जोड दिला असे एखादे उदाहरण नंतरच्या काळात आहे का? आहे, आणि तुम्ही ते नक्की पाहिले असेल. मनमोहन देसाई यांच्या ‘कुली’मधील (1983) हाणामारीत, चित्रीकरणादरम्यान अमिताभ बच्चन यांना ज्या फटक्याने गंभीर दुखापत झाली त्या क्षणी चित्र गोठते आणि हाच तो क्षण असे सांगणारा मजकूर पडद्यावर येतो. गोष्ट थांबते, पात्र नाहीसे होते, नट उरतो. हिंदी चित्रपटात इतक्या लोकांनी पाहिलेला इतका उघडा सांधा दुसरा मला आठवत नाही. कल्पना कोणाचीही असो, त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संकलक म्हणून नाव हृषीकेश मुखर्जी यांचे आहे.